बुडालेल्या डोंगरांवरून होडी

एका देशाकडे बेटं किती असावीत? दहा? पन्नास? ग्रीसकडे लहानमोठी सगळी धरली तर सुमारे ६,००० आहेत! त्यातल्या जेमतेम २२७ बेटांवर माणसं राहतात. बाकीच्यांवर समुद्रपक्षी, सरडे, चुकूनमाकून काही शेळ्या आणि रात्रंदिवस घोंगावणारा वारा.

इतकी बेटं म्हटल्यावर बस आणि रेल्वे काय कामाची? मोठ्या फेरीबोटी असतात, पण त्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या धक्क्यालाच लागतात. म्हणून उन्हाळ्यात कितीतरी लोक तिथं शिडाची होडी आठवड्याच्या भाड्यानं घेतात. सकाळी एका बेटाजवळ डुंबायचं, दुपारी शीड उभारायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच बेटाजवळ नांगर टाकायचा.

आज आपणही निघू या. होडी आपली, मार्ग आपला. अट एकच. जिथं “असं का?” असा प्रश्न पडेल, तिथं थांबायचं. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं दोनच जागी लपलेली आहेत. एक तर होडीखालच्या पाण्यात, नाहीतर शिडावरच्या वाऱ्यात.

होडी कशी आहे?

आपली होडी १२ मीटर लांब आहे. डोलकाठी १५ मीटरहून उंच. खाली उतरलं की तीन-चार इवल्याशा खोल्या, जेवायचं टेबल आणि स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावरची शेगडी नीट बघा. ती दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगलेली आहे आणि झुलते आहे! होडी वाऱ्यानं एका अंगावर कलली तरी शेगडी आपली सपाटच राहते, चहा सांडत नाही. गोडं पाणी मात्र टाकीत असेल तेवढंच, काहीशे लिटर. त्यामुळे भांडी घासताना नळ सोडून गप्पा मारायच्या नाहीत.

होडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आपल्याला दिसतच नाही. तो तिच्या पोटाखाली आहे. शिसं किंवा लोखंड यांचा एक जड, उभा पंख. तो पाण्यात दीड-दोन मीटर खोल जातो. त्याला कील म्हणतात. वारा होडीला आडवी पाडू बघतो आणि कीलचं वजन तिला पुन्हा उभी करतं. कील आणखीही एक जादू करते, पण ती थोड्या वेळानं.

आणि होडी चालवणार कोण? तुम्ही नाही आणि मीही नाही. तिथं होडी भाड्यानं घ्यायची तर परवाना असलेला तांडेल लागतो आणि त्याच्या जोडीला आणखी एक जाणकार माणूस. आपल्यासाठी दोघंही हजर आहेत.

चांगला वारा असला की होडी ताशी ६ सागरी मैल जाते. यालाच ६ नॉट म्हणतात. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. असा विचित्र आकडा का? कारण तो थेट पृथ्वीवरून घेतला आहे! अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भाग एक सागरी मैल भरतो. म्हणून खलाशी नकाशाच्या कडेला छापलेल्या अक्षांशांवरूनच अंतर मोजतात. वेगळी पट्टी लागत नाही.

पहिला टप्पा: लाव्रियो ते किया

अथेन्सच्या दक्षिणेला लाव्रियो नावाचं बंदर आहे. प्राचीन काळी इथं चांदीच्या खाणी होत्या. त्याच चांदीच्या पैशांतून अथेन्सनं युद्धनौका बांधल्या आणि इसवी सनपूर्व ४८० मध्ये सालामिसच्या लढाईत इराणी आरमाराला हरवलं.

बंदरातून बाहेर पडलो की समोर किया बेट दिसायला लागतं. दोन-अडीच तासांचा प्रवास. पण त्या बेटापाशी पोचण्याआधी जरा थांबा. या भागातच समुद्राच्या तळावर एक प्रचंड जहाज पडलेलं आहे. ‘टायटॅनिक’चं धाकटं भावंड, ‘ब्रिटॅनिक’!

पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून काम करत होतं. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ते सुरुंगावर आदळलं आणि तासाभरात बुडालं. जहाजावर हजाराहून जास्त माणसं होती. ३० जण दगावले, बाकीचे वाचले. वाचलेल्यांमध्ये व्हायोलेट जेसप नावाची परिचारिका होती. चार वर्षांपूर्वी ‘टायटॅनिक’ बुडालं, तेव्हाही ती त्यावर होती आणि तेव्हाही वाचली होती!

आता गंमत बघा. ‘ब्रिटॅनिक’ २६९ मीटर लांब आणि इथला समुद्र साधारण १२० मीटर खोल. म्हणजे जहाज उभं केलं असतं तर निम्म्याहून जास्त पाण्याबाहेर राहिलं असतं! झालंही तसंच काहीसं. जहाजाचं पुढचं टोक तळाला टेकलं, तेव्हा मागचा भाग अजून पाण्याच्या वरच होता.

१२० मीटर हा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्याला आत्ताच लागणार आहे.

ही बेटं आली कुठून?

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पृथ्वीवरचं खूपसं पाणी बर्फ होऊन जमिनीवर साचून राहिलं होतं. त्यामुळे जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा किती खाली होती? सुमारे १२० मीटर! म्हणजे ‘ब्रिटॅनिक’ आज जिथं पडलं आहे, तिथपर्यंत तेव्हा किनारा आला असेल. पारोस, नॅक्सोस, मिकोनोस, डेलोस ही आज वेगवेगळी दिसणारी बेटं त्या काळी एकाच मोठ्या बेटाचे डोंगर होती. मधली मैदानं कोरडी होती. मग बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं, मैदानं बुडाली आणि माथे तेवढे वर राहिले.

पण मुळात हे डोंगर इतक्या खोलगट जागी कसे? त्याचं कारण आणखी खाली, जमिनीच्या पोटात आहे. आफ्रिकेकडचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत ग्रीसच्या खाली घुसतो आहे. त्या ओढाताणीत, ही बेटं ज्या समुद्रात आहेत त्या एजियन समुद्राखालची जमीन ताणली गेली, पातळ झाली आणि खचली. डोंगरांसकट खचली. तेव्हा आपण बेटाबेटांवर फिरत नाही आहोत, तर एका बुडालेल्या मुलखाच्या माथ्यामाथ्यांवर फिरतो आहोत.

माथे असल्यामुळे एक मोठा फायदा होतो. तुमचे डोळे पाण्यापासून २ मीटर उंचीवर असतील तर क्षितिज फक्त ५ किलोमीटरवर असतं. पृथ्वी गोल आहे ना, पुढचं सगळं उतरणीपलीकडे जातं. मग दूरचं बेट दिसतं कसं? कारण ते उंच आहे. नॅक्सोसवरचा झास डोंगर सुमारे १,००० मीटर उंच आहे. हवा स्वच्छ असली तर त्याचा माथा १०० किलोमीटरहूनही दिसू शकतो. म्हणून या समुद्रात एक बेट मागे पडेपर्यंत पुढचं वर आलेलंच असतं. होकायंत्र नव्हतं, तेव्हाही इथले लोक बिनधास्त होड्या हाकत होते ते याच बळावर.

दुसरा टप्पा: नांगर कुठं टाकायचा?

कियाच्या दक्षिणेला किथनोस. तिथल्या कोलोना नावाच्या जागी वाळूची एक अरुंद पट्टी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना समुद्र. डावीकडे बुडी मारा, पळत जा आणि उजवीकडे बुडी मारा! पलीकडे एक छोटं बेट आहे. लाटा त्या बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे एकमेकींना भिडतात, त्यांचा जोर संपतो आणि त्यांनी आणलेली वाळू तिथंच बसते. असं वर्षानुवर्षं होत गेलं आणि लहान बेट मोठ्या बेटाला जोडलं गेलं.

आता नांगर टाकायचा. पाणी किती खोल? ६ मीटर. मग साखळी ६ मीटर सोडायची? छे! निदान चौपट-पाचपट सोडायची. साखळी उभी ताणली गेली तर नांगर उपटून वर येतो. लांब साखळी तळावर आडवी पडून राहते, नांगराला आडवी ओढ बसते आणि त्याचा फाळ वाळूत आणखी रुततो.

थांबा, थांबा! टाकण्याआधी खाली बघा. पाणी इतकं नितळ आहे की तळ दिसतो. फिकट ठिपके म्हणजे वाळू. गडद ठिपके म्हणजे खडक किंवा पोसिडोनिया. पोसिडोनिया हे शेवाळ नाही बरं का. ती खरीखुरी फुलं-फळं येणारी वनस्पती आहे, समुद्राखालचं गवत. तिची इथली जात जगात फक्त भूमध्य समुद्रातच सापडते. तिच्या कुरणांत माशांची पिल्लं वाढतात, तिची मुळं वाळू धरून ठेवतात आणि ती पाण्यात प्राणवायू सोडते. वर्षाला ती जेमतेम काही सेंटिमीटर पसरते. एका नांगरानं मिनिटभरात उपटलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून शहाणा तांडेल फिकट ठिपका शोधतो आणि तिथंच नांगर टाकतो.

आणि हे पाणी इतकं निळं आणि नितळ का? सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी शोषून घेतं. निळा उरतो आणि विखरून आपल्याकडे परत येतो. पण आपल्या कोकणात तसं का दिसत नाही? कारण कोकणातल्या नद्या समुद्रात गाळ आणि पोषक द्रव्यं आणून ओततात. त्यावर सूक्ष्म जीव म्हणजे प्लवक वाढतात, त्यांवर मासे वाढतात. एजियन समुद्राला मोठ्या नद्या कमी आणि पोषक द्रव्यंही कमी. प्लवक कमी म्हणून पाणी नितळ. थोडक्यात, ते पाणी दिसायला देखणं, पण उपाशी. मासळी हवी असेल तर आपलाच समुद्र बरा!

तिसरा टप्पा: वारा उठला!

किथनोसहून पूर्वेला डेलोस आणि मिकोनोसकडे निघालो. आभाळ निळंशार, ढगाचं नाव नाही. आणि अचानक शीड फडफडायला लागतं, लाटांवर पांढरा फेस येतो. हा मेल्तेमी. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून येणारा वारा. ताशी ४० ते ५० किलोमीटर हा वेग त्याला अगदी नेहमीचा. आपल्याकडे वादळाआधी निदान ढग तरी दाटून येतात. मेल्तेमी मात्र लख्ख उन्हात येतो आणि आला की कधी कधी कित्येक दिवस मुक्काम ठोकतो.

याचं मूळ शोधायला निघालो तर आपण कुठं पोचू माहीत आहे? थेट आपल्या घरी!

उन्हाळ्यात राजस्थान, पाकिस्तान या भागातली जमीन तापते. हवा तापून वर जाते आणि तिथं हवेचा दाब कमी होतो. हाच कमी दाब आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना ओढून आणतो. पण त्याचा पट्टा एवढ्यावर थांबत नाही. इराणवरून पसरत तो पार तुर्कस्तानापर्यंत जातो. तुर्कस्तान ग्रीसच्या पूर्वेला आहे. पश्चिमेला बाल्कन प्रदेशावर त्याच वेळी जास्त दाब असतो. उत्तर गोलार्धात वारे जास्त दाबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात आणि कमी दाबाभोवती उलट्या दिशेनं. कागदावर दोन गोल काढा, डावा जास्त दाबाचा, उजवा कमी दाबाचा, आणि बाण दाखवा. दोन्ही गोलांच्या मध्ये बाण कुठून कुठं जातात? वरून खाली! म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. झाला मेल्तेमी.

तर कोकणात पाऊस आणणाऱ्या आणि एजियनमध्ये शिडं फुगवणाऱ्या वाऱ्यांच्या मागे एकच भलामोठा कमी दाबाचा पट्टा आहे. फरक एवढाच की आपला वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतो आणि तिथला वारा कोरडा येतो. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या बेटांवर ४०० मिलिमीटरही मुश्किलीनं आणि जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ शून्य.

मेल्तेमीची एक खोडी तर फारच नवलाची आहे. तुम्ही म्हणाल, उत्तरेचा वारा ना, मग उंच बेटाच्या दक्षिणेला आडोशाला जाऊन थांबू. बरेचदा तिथंच जास्त मार बसतो! वारा डोंगरावर चढतो आणि पलीकडच्या उतारावरून जोरात खाली कोसळतो. दोन बेटांमधल्या फटीतूनही तो असाच वेग घेतो. मिकोनोस आणि तिनोस यांच्यामधली सामुद्रधुनी त्यासाठी बदनाम आहे.

वाऱ्याच्या विरुद्ध कसं जायचं?

वारा मागून असला की शीड फुगतं आणि होडी पळते, हे सोपं आहे. पण वारा समोरून असेल तर? इंजिन न लावता वाऱ्याकडे जाता येतं का?

येतं. इथं कीलची दुसरी जादू कामाला येते. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत चिमटून बघा. बोटं दोन्ही बाजूंनी दाबतात, पण बी पुढे सटकते. होडीचंही तसंच. वाकलेल्या शिडावरून वारा वाहतो तेव्हा विमानाच्या पंखावर बसते तशी एका बाजूला ओढ बसते. ही ओढ होडीला आडवी ढकलते आणि थोडी पुढेही नेते. आडवं जायला पाण्यातली कील विरोध करते. एका बाजूनं वारा, दुसऱ्या बाजूनं पाणी. मध्ये सापडलेली होडी पुढे सटकते.

मात्र वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवावा लागतो. म्हणून आधी तिरकं उजवीकडे, मग तिरकं डावीकडे, असं नागमोडी जायचं. नॅक्सोसहून उत्तरेला मिकोनोस साधारण २० सागरी मैलांवर आहे. नागमोडी गेलं की तेच अंतर २८ मैलांचं होतं. वर लाटा तोंडावर आपटतात ते वेगळंच.

एकाला मात्र हा वारा मनापासून आवडतो. एलिओनोराचा ससाणा. या ससाण्यांपैकी बहुतेक सगळे ग्रीसच्या बेटांवर घरटी करतात. बाकीचे पक्षी वसंतात पिल्लं वाढवतात, हा मात्र उन्हाळा संपता संपता. कारण तेव्हा युरोपातले छोटे पक्षी थव्याथव्यांनी आफ्रिकेकडे निघतात आणि समुद्र ओलांडताना दमतात. ससाणे मेल्तेमीकडे तोंड करून हवेत तरंगत राहतात आणि समोरून आलेली शिकार पकडतात. पिल्लं मोठी झाली की ससाणे स्वतः मादागास्करला निघून जातात.

इथं मरायला बंदी आहे!

डेलोस हे मिकोनोसच्या शेजारचं चिमुकलं बेट. ग्रीक पुराणकथांनुसार अपोलो देवाचा जन्म इथला. इसवी सनपूर्व ४२६ मध्ये अथेन्सच्या लोकांनी बेट पवित्र करायचं ठरवलं. बेटावरच्या सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर नेल्या आणि नियम केला की डेलोसवर कुणी मरायचं नाही आणि कुणी जन्मायचंही नाही. आजारी माणसाला आणि बाळंतपण जवळ आलेल्या बाईला होडीनं रिनियाला पाठवत.

आज डेलोस हे जागतिक वारसास्थळ आहे. देवळं, घरं, नाट्यगृह असं एक अख्खं शहर उघड्यावर पडलेलं आहे. आणि एक नियम अजूनही आहे. पर्यटकांनी संध्याकाळ होण्याआधी बेट सोडायचं, रात्री राहायचं नाही. आपणही निघू या.

पुढचा मुक्काम पारोस. इथला शुभ्र संगमरवर इतका तलम की उजेड त्याच्या आत काही अंतर शिरतो, त्यामुळे पुतळ्याची कातडी जिवंत वाटते. धक्क्याला होडी लावायची पद्धत बघा. नांगर पुढून टाकायचा, होडी मागे मागे घ्यायची, मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे आणि फळीवरून चालत उतरायचं. मुंबईत असं करून बघा! भरतीच्या वेळी बांधलेली होडी ओहोटीला दोरांना लोंबकळेल, कारण मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीतला फरक जवळजवळ ५ मीटरपर्यंत जातो. एजियनमध्ये तो बहुतेक जागी काही सेंटिमीटरच असतो. एजियन ज्याचा भाग आहे तो भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. अटलांटिकची भरती आत यायला जिब्राल्टरची चिंचोळी वाट आहे, फक्त १४ किलोमीटर रुंद. तेवढ्यातून एवढं पाणी सहा तासांत आत येणार कसं आणि बाहेर जाणार कसं?

चौथा टप्पा: ज्वालामुखीच्या आत

पारोसहून दक्षिणेला, मेल्तेमी पाठीशी घेऊन, सँतोरिनी. इथं आपण बेटाजवळ जात नाही. आपण ज्वालामुखीच्या आत शिरतो! भोवती ३०० मीटरपर्यंत उंच काळे, तांबडे, पांढरे कडे आणि मध्ये समुद्र. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथं महाभयंकर उद्रेक झाला. पोटातला लाव्हा आणि राख बाहेर पडली, पोट रिकामं झालं आणि वरचा डोंगर आत कोसळला. त्या खड्ड्यात समुद्र शिरला. त्याच्या मधोमध असलेलं नेआ कामेनी हे काळं बेट म्हणजे ज्वालामुखीचं नवं डोकं. ते शेवटचं खवळलं ते १९५० मध्ये.

तांडेलाला मात्र इथं भलतीच चिंता. नांगर कुठं टाकायचा? कडे जसे वर उभे, तसेच पाण्याखालीही उभे. मधली खोली ४०० मीटरच्या जवळपास आणि आपली साखळी ६०-७० मीटरची! म्हणून इथं तरंगत्या पिंपाला दोर बांधतात, नाहीतर कड्याबाहेर दक्षिणेकडच्या बंदरात जातात.

त्या उद्रेकाच्या राखेखाली अक्रोतिरी नावाचं गाव गाडलं गेलं होतं. १९६७ पासून तिथं खोदकाम सुरू झालं. दोन-तीन मजली घरं सापडली, सांडपाण्याची गटारं सापडली, भिंतींवरची रंगीत चित्रं सापडली. माणसांचे सांगाडे मात्र जवळजवळ नाहीतच. आधी भूकंप झाले, लोकांनी इशारा ओळखला आणि वेळेवर होड्यांतून निघून गेले असावेत.

चित्रांपैकी एकात निळसर रंगाची माकडं आहेत. ग्रीसमध्ये तर माकडं नसतात. मग ही कुठली? काही वर्षांपूर्वी माकडांच्या अभ्यासकांनी ते चित्र बारकाईनं पाहिलं. अंगाची ठेवण बघितली, शेपटी वर उचलून धरायची तऱ्हा बघितली आणि २०२० मध्ये लिहिलं की हे आपल्याकडचे लंगूर असावेत! हो, आपल्या देवळांच्या कळसावर उड्या मारणारी ती काळ्या तोंडाची वानरं. चित्रकारानं ती कुठं पाहिली? कुणी व्यापाऱ्यानं इतक्या दूर नेली का? यावर अजून वाद चालू आहे. तुम्ही मोठे झालात की त्यात उतरा.

पाचवा टप्पा: पहिले खलाशी

सँतोरिनीहून पश्चिमेला मिलोस. हेही ज्वालामुखीचंच बेट. इथं ऑब्सिडियन नावाची काळी काच खडकात मिळते. लाव्हा झटकन थंड झाला की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते. ती फोडली की ब्लेडसारखी धार येते. धातू माहीत नव्हते, तेव्हा माणसाला याहून धारदार चाकू मिळणं शक्य नव्हतं.

ग्रीसच्या मुख्य भूमीवर फ्रान्ख्थी नावाची गुहा आहे. तिच्यात सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत या काचेचे तुकडे सापडले. ते मिलोसचेच कशावरून? प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत काही मूलद्रव्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं. प्रयोगशाळेत ते मोजलं आणि मिलोसशी जुळलं. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा उथळ होता हे खरं, पण मिलोस तेव्हाही बेटच होतं. पोहून कुणी दगड आणणार नाही. म्हणजे शेती माहीत नसलेली, मातीचं मडकंही न घडवणारी माणसं होडी बांधून समुद्र ओलांडत होती आणि परतही येत होती! त्यांच्या होड्या कुजून गेल्या, एकही मिळालेली नाही. १९८८ मध्ये काही ग्रीक मंडळींनी लव्हाळ्यांची होडी बांधली आणि वल्ही मारत लाव्रियोहून मिलोस गाठून दाखवलं. आपल्या झुलत्या शेगडीच्या होडीला याहून जास्त शिकवणारं कोण?

आता परत कसं जायचं?

इथं मी तांडेलाची जागा तुम्हाला देतो. येताना वारा पाठीशी होता. आता लाव्रियो उत्तरेला आहे आणि मेल्तेमी उत्तरेकडूनच येतो आहे. मोठा नकाशा काढा. मिलोस शोधा. त्याच्या उत्तरेला सिफनोस, सेरिफोस आणि किथनोस ही बेटं जवळजवळ एका ओळीत उभी आहेत. कागदाच्या पट्टीवर नकाशाच्या कडेच्या अक्षांशांवरून सागरी मैलांच्या खुणा करा, एक अंश म्हणजे ६० मैल. मग ४५ अंशांच्या तिरक्या रेघा मारत वर चढा. ताशी ६ मैल धरले तर रोज किती अंतर कापाल? कोणत्या बेटाच्या दक्षिणेला थांबणं टाळाल? पोसिडोनिया वाचवून नांगर कुठं टाकाल? मार्ग आखून झाला की तो शाळेत भूगोलाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा, आणि त्यांनी सरळ रेघ सुचवली तर वारा कुठून येतो ते त्यांना नक्की सांगा!